उताराच्या वरचे दगड

"ते मासे तू माझ्या ताटात घातलेस, इद्वल! मी तापाने फणफणलेला, आणि तू दारात उभा राहून सांगतोस, खा बाबा, असे मासे पुन्हा मिळायचे नाहीत!"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"आणि नंतर? नंतर तर कळलं ना? दोन वर्षं तुला ठाऊक होतं! दोन वर्षं मी त्या टिलला भररस्त्यात नाही नाही ते बोललो, आणि तू माझ्या शेजारी मिठाची गुळणी धरून उभा!"

"शेजारी नव्हतो," इद्वल म्हणाला. "जरा मागे होतो."

यावर माझा भाऊ सेल्विन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. रविवारी चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस तो, त्याची थोडी लाज राखायला हवी. मी मागे स्वयंपाकघरात केटलीपाशी होते. आमच्या घराच्या भिंती पातळ, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि ऐकायचं नाही असं मी काही म्हटलंही नव्हतं. तीन कप घेऊन बाहेर आले तर दार उघडं आणि खोलीत एकटा सेल्विन, पाठमोरा, खिडकीतून नदीकडे बघत उभा. आम्ही दोघांनी आपापला चहा प्यायला. तिसरा कप तसाच गार झाला.

शाळेत एका बाकावर बसलेले आणि मग जन्मभर एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहिलेले हे दोघं. त्या दिवसानंतर माझा भाऊ इद्वलशी एक शब्द बोलला नाही. आता इद्वलही नाही आणि सेल्विनही नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

इद्वल पेनलानचा. आडनाव होतं त्याला, पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं. आमच्या खोऱ्यात माणूस शेताच्या नावाने ओळखला जातो, आणि पेनलान म्हणजे नदीपलीकडचं ते पांढरं घर, मागे डोंगर, पुढे केनवी नदीपर्यंत उतरत गेलेली कुरणं. उंच, थोडा वाकलेला, कान असे मोठे की शाळेत मास्तरांना धरायला सोपे जायचे. बोटं फावड्यासारखी. पण त्याच बोटांनी तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून रेशमाचा दोरा, सशाच्या कानावरची लव आणि तित्तिराचं पीस एवढ्यातून माशांना फसवायला गळावर अशी खोटी माशी बांधायचा, की टेबलावर ठेवली तर मांजर पंजा मारायला बघायचं. त्याची बायको मॉरविथ म्हणायची, "माझ्या लोण्यात ससा सापडतो, जॅममध्ये तित्तिर. शिकारीला जायची गरजच नाही आम्हाला."

हे सगळं कशासाठी, तर तपकिरी माशीसाठी. मार्च संपत आला की ती आमच्या नदीवर उठते. वर्षभर तिचे किडे दगडाखाली चिकटून असतात, चपटे, शेपटीला तीन केस. मग एखाद्या दिवशी दुपारी, बरोबर माणसं जेवायला बसतात तेव्हा, सगळे एकदम वर येतात, पाण्यावर बसून पंख वाळवतात आणि उडतात. हिवाळाभर उपाशी राहिलेले ट्राउट मासे वेडे होतात. शांत असलेली नदी भाताचं आधण आल्यासारखी उकळायला लागते. थोडा वेळच, आणि मग कोणी दार लावून घ्यावं तसं सगळं बंद. पुन्हा थोड्या वेळाने दार उघडतं. तेवढ्यात ज्याच्या हातात गळाची काठी त्याचं नशीब.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मेंढ्या वितात. डोंगरावरच्या माणसाला वर्षात जर कधी घर सोडून हलता येत नसेल तर तेव्हाच. मी तरुणपणी त्या हंगामात पेनलानला स्वयंपाकाला जायची, तेव्हाची ही रोजची गंमत. इद्वलने एका हाताने अडलेली मेंढी सोडवायची आणि मान वळवून नदीकडे बघायचं.

"इद्वल, कोकराचं डोकं इकडे आहे," मॉरविथ म्हणायची.

"बघतोय ना."

"बघतोयस. पण नदीत कोकरं नसतात."

"मेंढीला दिवसभर वेळ आहे गं. माशीला नाही."

"हे तू मेंढीला सांग."

त्यांच्या काठाला इद्वल, आमच्या काठाला सेल्विन. सेल्विन पोस्टमन होता, सकाळी टपाल वाटून दुपारी मोकळा. इद्वलला त्याचा हेवा वाटायचा आणि सेल्विनला इद्वलच्या काठावरच्या खोल पाण्याचा. दोघांच्या मध्ये पाणी, त्यामुळे बोलायचं ते ओरडून, आणि अख्ख्या गावाला ठाऊक की आज कोणाची दोरी झाडात अडकली. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची एक रीत होती. तपकिरी माशीवर वर्षातला पहिला मासा ज्याला लागेल, त्याने तो स्वतःच्या घरी शिजवायचा नाही. उतारावरून नदी ओलांडून समोरच्या घरी नेऊन द्यायचा. उतार म्हणजे आमच्या घराच्या जरा वर नदी पसरट होते, पाणी गुडघ्याएवढं, तिथून माणसं आणि मेंढ्या ये-जा करतात. ज्याच्या घरी मासा यायचा तो आठवडाभर कुरकुरायचा. मासा खाऊन वर कुरकुरायचा.

आता मेंढ्यांच्या औषधाचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

खरूज होऊ नये म्हणून शरदात सगळा कळप औषधाच्या हौदातून पोहवून काढतात. एकेक मेंढी ढकलायची, आणि काठावर उभं राहून लांब दांड्याने तिचं डोकं क्षणभर पाण्याखाली दाबायचं. पेनलानला दांडा मॉरविथच्या हातात. जुनं औषध फार जहाल. हौदाच्या दिवसानंतर तिचं डोकं आठवडाभर दुखायचं, आणि पुढे पुढे हात इतके कापायला लागले की चॅपेलमध्ये भजनाचं पुस्तक मी धरायची आणि ती गायची. डॉक्टरने खांदे उडवले. इद्वलने मात्र एका शरदात जुनं औषध टाकून नवीन आणलं. थोडं महाग होतं, पण माणसांना सौम्य असं डब्यावर छापलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मॉरविथचे हात थांबले. मरेपर्यंत पुन्हा कापले नाहीत. म्हणून इद्वलला दोष देताना मी नेहमी आधी तिच्या हातांची आठवण काढते.

पण दगडाखाली जे जगतं त्याला त्या औषधाचा नुसता वासही पुरतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

हौदातून निघालेल्या मेंढ्यांना निथळायला कुंपणात उभं करतात. गळायचं पूर्ण थांबलं की मगच सोडायचं, आणि पाण्यापासून लांब ठेवायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण पेनलानच्या मेंढ्यांचा चराईचा डोंगर आमच्या काठाला, त्याची वाट उतारावरूनच जाते, आणि इद्वलचा बाप, आजा, सगळे त्यांना तशाच नदीतून हाकत आले. पाय धुऊन निघतात म्हणायचे.

नवीन औषधाच्या हौदाचा तो दिवस मासेमारीच्या हंगामाचा शेवटचा होता. दुसऱ्या दिवसापासून वसंतापर्यंत नदीला हात लावायचा नाही. हवा अशी मऊ की सप्टेंबर असून मे वाटावा. हौदाचं काम लांबलं. इद्वलचे डोळे सकाळपासून नदीकडे.

"अजून गळतायत त्या," मॉरविथ म्हणाली.

"डोंगरावर वाळतील."

"इद्वल."

"अगं वारा आहे वर. वाळतील."

त्याने फाटक उघडलं. कळप उतारावरून छपाछप पाणी उडवत पलीकडे गेला, कुत्र्याने वर नेला, आणि इद्वल काठी घेऊन खालच्या डोहाकडे जवळजवळ पळतच सुटला.

त्या संध्याकाळी नदीने त्याला जे दिलं ते त्या खोऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत तोंडंच तोंडं. मोठे, जुने, दगडाखालून वर्षानुवर्षं न हललेले ट्राउट उघड्यावर येऊन खात होते. जी माशी टाकावी ती घेत होते. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या विजारीतून पाणी गळत होतं आणि वेताच्या काडीला ओवलेले मासे जमिनीला टेकत होते. सेल्विन वर अंथरुणात, गळ्याला फडकं.

"नेस्टा," इद्वल मला म्हणाला, "नुसती काठी दाखवली तरी येत होते गं!"

"खोटं बोलतोय तो," वरून सेल्विनचा घोगरा आवाज.

"खाली ये आणि मोज!"

"ताप उतरू दे, मग तुला मोजतो."

मी ओटच्या पिठात घोळवून बेकनच्या चरबीत तळले. सेल्विनने दोन खाल्ले, तापातल्या माणसाला चव लागत नाही म्हणाला आणि तिसरा मागितला. आम्हाला काही झालं नाही त्यातून, तेही सांगून टाकते. तो हिवाळा इद्वलने त्या संध्याकाळवर काढला. मेंढ्यांच्या बाजारात, चॅपेलच्या पायरीवर, एकदा तर पाद्रीसाहेबांना प्रेतयात्रेत. "आयुष्यात एकदाच हात असा बसतो," म्हणायचा.

मग वसंत आला आणि माशी उठली नाही.

दोघं आपापल्या काठावर दुपारी येऊन उभे.

"उशीर आहे!" सेल्विन ओरडायचा.

"थंडी आहे म्हणून!"

"थंडी कसली? कोट काढून उभा आहेस!"

एप्रिल असाच गेला. पाणी काचेसारखं आणि त्यावर काही नाही. दगडावर बसून बुडी मारणारा पांढऱ्या छातीचा पक्षी दर वर्षी उताराखाली घरटं करायचा, तो निघून गेला. पाकोळ्या आल्या, डोहावरून एक फेरी मारली आणि पुढे गेल्या. नदी कचेरीतली दोन माणसं आली, पुलाखालचं पाणी आणि चिखल घेऊन गेली, आणि म्हणाली, मेंढ्यांचं औषध आहे, वरून कुठून तरी आलंय, केव्हा ते सांगता येत नाही.

वर म्हणजे कुठून? वर पेनलान, आणि खोऱ्याच्या अगदी डोक्याशी रेमंड टिल. टिल बर्मिंगहॅमकडून आलेला, एकटाच, मेंढ्या थोड्या आणि हौस भरपूर. त्याचा हौद ओढ्याच्या अगदी कडेला. त्याने मेंढ्यांना मालकीची रंगाची खूणसुद्धा चुकीच्या बाजूला लावली होती, आणि त्यावर गाव वर्षभर हसलं होतं. आता हसायचं थांबलं. कोणी ठरवलं असं नाही. सगळ्यांना आपोआप कळलं की टिलनेच केलं.

इद्वल मात्र कचेरीची माणसं येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी उतारावर गेला. उताराच्या वरचा दगड उलटला तर खाली चपटे किडे इकडून तिकडे पळतायत. उताराच्या खालचा उलटला तर दगड घासलेल्या भांड्यासारखा साफ. आणखी खालचा, आणखी खालचा, तसाच. तिथेच पाण्यात बसला तो. त्या संध्याकाळी मासे का वेडे झाले होते ते त्याला तेव्हा समजलं. त्याच्या मेंढ्यांनी वर नदी विषारी केली होती, मरणारे किडे दगड सोडून वाहत येत होते, आणि नदीतलं वर्षाचं सगळं अन्न मासे एका संध्याकाळी गिळत होते. आणि हा समजत होता की आपला हात बसलाय.

तो तसाच ओला आमच्या दारी आला. सांगायलाच आला होता. पण सेल्विन टोपी घालून निघायच्या बेतात.

"आलास ते बरं झालं. चल, टिलकडे जायचंय."

"सेल्विन, जरा थांब—"

"थांबायचं काय? नदी मेली आपली!"

आणि इद्वल गेला त्याच्याबरोबर. जरा मागे. फाटकाशी उभं राहून माझा भाऊ त्या टिलला म्हणाला, "शहरातून सामान आणताना अक्कल तेवढी तिथेच विसरलास काय?" टिल लाल झाला आणि एवढंच म्हणत राहिला, "मी काही केलं नाही, खरंच नाही." खरं बोलणारा माणूस कसा अगदी खोटा वाटतो.

आमच्याकडे लोकर कातरायचं काम कोणी एकट्याने करत नाही. आज या शेतावर, उद्या त्या. सगळे शेजारी सगळीकडे जातात, बायका रस्सा आणि मनुक्यांचा पाव करतात, आणि संध्याकाळी टिंगल. ज्याच्या कातरणीला कोणी येत नाही त्याने समजायचं. त्या उन्हाळ्यात टिलच्या कातरणीला कोणी गेलं नाही. फक्त इद्वल गेला. दोघांनी मिळून सगळ्या मेंढ्या उरकल्या. गाव म्हणालं, पेनलानच्या माणसाचं काळीज मोठं. सेल्विन म्हणाला, "भोळा आहेस रे तू, इद्वल." पुढच्या उन्हाळ्यातही तसंच.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी टिलने सगळं विकलं. जायच्या दिवशी पेनलानला आला, स्वतः केलेली संत्र्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन. मॉरविथने मला सांगितलं ते असं.

"मी निघालोय," टिल म्हणाला. "बाकी कोणाला सांगायचं नव्हतं. तुम्ही एकटेच माझ्याशी माणसासारखं वागलात. तुमच्यासारखा शेजारी मला पुन्हा मिळायचा नाही."

इद्वलने त्याचा हात हातात घेतला आणि तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. टिलची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. इद्वल बरणीसमोर बसून राहिला. मग टोपीही न घालता उठला आणि उतारावरून आमच्याकडे आला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, मी केटलीपाशी होते.

नंतर तो टिललाही शोधत गेला, दोन बस बदलून, श्र्यूजबरीच्या पलीकडे कुठेतरी. सगळं सांगितलं. टिलने ऐकून घेतलं, रागावला नाही. म्हणाला, "आता मी याचं काय करू?" आणि हळूच दार लावलं. इद्वल ते मॉरविथला सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत होता, हळूच लावलं गं, अगदी हळूच.

माझ्या भावाने कोणालाही काही सांगितलं नाही. गावात इद्वलचं नाव पूर्वी होतं तेवढंच चांगलं राहिलं, आणि मला वाटतं तीच मोठी शिक्षा होती. मी एकदा सेल्विनला विचारलं, "किती दिवस धरून बसणार आहेस?"

"नदीचं कधीच सोडलं मी," तो म्हणाला. "बायकोसाठी आणलं औषध त्याने. मीही आणलं असतं."

"मग?"

"टिलचं मी कसं सोडू? ते माझ्या हातात आहे का? आणि बोललो तर मी होतो ना, इद्वल नाही. माझी जीभ होती ती."

पुढच्या वसंतात इद्वलने गळाची काठी कोठाराच्या तुळईला टांगली आणि बादली काढली. उताराच्या वर जाऊन तो किडे चिकटलेले दगड शोधायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत ठेवायचा, आणि आमच्या काठाने चालत खालच्या डोहापर्यंत आणायचा. स्वतःच्या काठाला नाही, सेल्विनच्या काठाला. तिथे उकिडवा बसून एकेक दगड पाण्यात ठेवायचा, वर होता तसाच, त्याच कुशीवर. सगळं आमच्या खिडकीसमोर. सेल्विन खिडकीत वर्तमानपत्र उघडून बसायचा, आणि पान उलटल्याचा आवाज काही यायचा नाही.

लोक हसायचे. "इद्वल, नदीवर घर बांधतोयस काय?"

"हळूहळू," तो म्हणायचा.

मॉरविथ मला म्हणाली, "पूर्वी मेंढ्या सोडून मासे आणायला पळायचा, आता दगड न्यायला. निदान दगडांना खवले नसतात."

दर वसंतात तेच. माझी धाकटी नात कॉलेजात शिकून आली, तिने सांगितलं, "आजी, ते किडे वरून वाहत आपोआपच आले असते खाली, थोडी वर्षं लागली असती इतकंच." असेल. मी तिला म्हटलं, हे त्याला सांगू नकोस.

एका वर्षी दुपारी पाण्यावर मोजक्या तपकिरी माश्या दिसल्या. पुढच्या वर्षी जास्त. मग एके दिवशी मी भांडी घासत होते आणि सेल्विन पुढच्या खोलीतून ओरडला, "नेस्टा! उठली!" म्हातारा कमरेने जखडलेला, पण काठी घेऊन असा गेला की मी दाराची चौकट धरून बघत राहिले. पाण्यात उतरला, दोरी सोडली, आणि सवयीने ओरडायला म्हणून पलीकडच्या काठाकडे तोंड वर केलं. तिथे कोणी नव्हतं. त्याने तोंड मिटलं. त्या दुपारी त्याला मासे लागले, पण घरी आला तेव्हा जेवला नाही.

माशी पहिल्यासारखी उठायला लागली तरी बादली थांबली नाही. इद्वल आता चालायची काठी टेकत यायचा, बादलीत दगड दोन नाहीतर तीन.

"त्याला सांग, पुरे आता," सेल्विन मला म्हणाला. "नदी भरलीय. पाठ मोडून घेईल."

मी कुंपणापाशी गाठून सांगितलं. "इद्वल, सेल्विन म्हणतो, पुरे."

"त्याने सांगितलं तर थांबेन," इद्वल म्हणाला.

"त्यानेच सांगितलंय ना!"

"त्याने मला सांगितलं तर."

मी आत येऊन भावाला ते जसंच्या तसं ऐकवलं. "आता तरी जा. चार शब्द आहेत. वाटेवर तर येतो तो रोज."

सेल्विनने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "सांगितलं तर उद्यापासून येणार नाही तो."

मी कपाळाला हात लावला. दोन म्हातारे, एक बोलावं म्हणून दगड वाहतो, दुसरा दगड यावेत म्हणून बोलत नाही. मला दोघांच्याही डोक्यात बादली घालावीशी वाटली. "असे नुसते येऊन जाऊन किती वर्षं काढणार आहात तुम्ही?" मी म्हटलं.

"बोलीन," सेल्विन म्हणाला. "या हंगामात बोलीन."

हंगाम आला. मार्च गेला, एप्रिल निम्मा गेला. सेल्विन रोज दुपारी नदीवर जाताना दाढी करून जायला लागला, तेव्हा मला वाटलं, आज होईल. आज नाही तर उद्या.

इद्वल एप्रिलमध्येच गेला, झोपेत, मॉरविथला चाहूलसुद्धा न लागता. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तेव्हा तो वाटेने आला. बादली आमच्या भिंतीवर टेकवून श्वास घ्यायला थांबला.

"बस जरा, चहा टाकते," मी म्हटलं.

"आधी हे पाण्यात जाऊ दे. गोणपाट वाळलं की मरतात गं."

"डोहात जागा तरी उरलीय का आता तुझ्या किड्यांना?"

"आहे," तो म्हणाला. "थोडी आहे."

सेल्विन पाण्यात होता. माशी उठलेली, डोहभर मासे तोंडं काढत होते, आणि त्याच्या अगदी पुढ्यात काठाशी एक मोठा मासा पुन्हा पुन्हा वर येत होता. इद्वल नेमका तिथेच येऊन उकिडवा बसला. सेल्विनने टाकायला उचललेली काठी खाली घेतली, दोरी हातावर गुंडाळली, आणि त्याला जागा करून देत सावकाश वरच्या बाजूला सरकून पाठमोरा उभा राहिला. इद्वलने दगड काढला, उलटा करून बघितला, नीट ठेवला. दुसरा ठेवला. मग गोणपाट नदीत खळबळून पिळलं, घडी करून रिकाम्या बादलीत टाकलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चहा?" मी भिंतीवरून विचारलं.

"उद्या," तो म्हणाला.

आमचं फाटक खाली बसलंय, उचलून लावावं लागतं. त्याने ते उचलून लावलं, कडी घातली, आणि बादली कोपरात अडकवून उताराच्या वाटेला लागला.